परसातली कोंबडी आणि नगरीचा कायदा

इ. स. २००७ च्या जानेवारीत बंगळूर नगरीने आपल्या सभोवारची एकशे दहा खेडी एका अधिसूचनेसरशी पोटात घेतली. त्यांच्याबरोबर यलहंका, दासरहळ्ळी, बोम्मनहळ्ळी, महादेवपूर अशा सात लहान नगरपालिका आणि केंगेरीची नगर-पंचायत हीही विलीन झाली व ‘बृहत् बंगळूर महानगरपालिका’ अस्तित्वात आली. सुमारे सव्वादोनशे चौरस किलोमीटरांचे शहर सातशेच्या वर गेले. नकाशा रंगवणाऱ्याच्या दृष्टीने एक सीमारेषा सरकली, इतकेच. पण त्या खेड्यांतील परसांतून ज्या कोंबड्या दाणे टिपीत हिंडत होत्या, त्यांची प्रतिष्ठा त्या दिवशी बदलली. आदल्या दिवशीपर्यंत त्या ग्रामीण पशुधन होत्या. दुसऱ्या दिवशी नागरी उपद्रवाच्या संशयित झाल्या. कोंबडी मात्र जागची हलली नव्हती.

शहराच्या हद्दीत, स्वतःच्या परसात, चार कोंबड्या पाळण्यास नागरिक मुखत्यार आहे काय, आणि स्थानिक संस्थेने नियम करून ती मुभा आखडती घेतली तर त्या नियमाला आव्हान कसे द्यावे, हा या भाषणाचा विषय आहे. विषय ऐकून कोणी हसेल. ज्या घरात महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार येतो, त्या घराला चार कोंबड्यांचे मोल कळणे अवघडच. पण दुसऱ्या एका घराची कल्पना करा. घरधनी बांधकामावर रोजंदारी करतो. पावसाळ्यात काम बंद पडते. घरधनीण खरकटे, तुसातले दाणे आणि शेजारच्या वाण्याकडला केरकचरा यांवर पाच-सहा गावठी कोंबड्या सांभाळते. गावठी कोंबडी वर्षाकाठी साठ ते ऐंशी अंडी देते. कारखानी पिंजऱ्यातील कोंबडी तीनशेच्या घरात देते हे खरे, परंतु तिला विकतचे खाद्य घालावे लागते आणि हिला ते फारसे लागत नाही. शिवाय बंगळुरात ‘नाटि कोळि’ला, म्हणजे आपल्या गावठी कोंबडीला, आणि तिच्या अंड्याला बाजारात अधिक भाव आहे. (नव्याने आलेल्या मराठी माणसाला खानावळीच्या पाटीवरील हा ‘कोळि’ वाचून क्षणभर वेसाव्याची आठवण होते, पण कानडीत कोळि म्हणजे कोंबडी.) मुलाच्या शाळेचे दप्तर, औषधाची बाटली, पाहुणा आला तर त्याच्या पानावरचा मान, हे सारे त्या खुराड्यातून निघते. हा पैसा बाईच्या हातचा असतो, ही गोष्टही विसरण्यासारखी नाही.

यात विसंगती अशी की, परसातल्या कोंबडीचा पुरस्कार करणारे एक मोठे केंद्र बंगळूर हेच आहे. हेब्बाळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात ‘गिरिराज’ नावाची एक जात तयार करण्यात आली. गावठी कोंबडीप्रमाणे रंगीबेरंगी पिसांची, मोकळ्यावर हिंडून पोट भरणारी, रोगाला सहजी बळी न पडणारी, आणि तरीही अंगाने भारी व अंड्याला गावठीहून पुष्कळ सरस अशी ही कोंबडी केवळ परसासाठीच घडवलेली होती. गिरिराजची पिल्ले कर्नाटकाबाहेर, आपल्या महाराष्ट्रातही, बचतगटांच्या बायकांनी वाढवली. शहराजवळ हेसरघट्ट येथे केंद्र सरकारची कुक्कुट-विकास संस्था आहे. तेथे पिल्ले उबवून देणे आणि शेतकऱ्यांस शिक्षण देणे ही कामे चालतात. आणि २०२१ च्या अखेरीपासून कर्नाटक सरकार शाळेतल्या मुलांच्या ताटात अंडे घालू लागले, आधी काही जिल्ह्यांत व पुढे साऱ्या राज्यात. म्हणजे एका खात्याने पिल्लू द्यावे, दुसऱ्याने अंड्याचे गुण गावे आणि तिसऱ्याने त्याच पिल्लासाठी नोटीस बजावावी, असा हा कारभार होऊ शकतो. ‘ग्रामीण’ आणि ‘नागरी’ या दोन शब्दांच्या फटीत ती कोंबडी सापडते.

आता नगरीची बाजू पाहू; कारण ती पोरकट नाही. आपल्या देशातील नगरपालिकांच्या आरोग्यविषयक नियमांचा जन्म भीतीतून झालेला आहे, आणि ती भीती खरी होती. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. १८९८ च्या ऑगस्टात तो आगगाडीने बंगळुरास पोचला. दाट वस्तीच्या पेठांत माणसे पटापट मेली. त्या हाहाकारानंतर मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी ही प्रशस्त उपनगरे वसली. रुंद रस्ते, घराभोवती मोकळी जागा, घरांच्या पाठीमागून मैला वाहून नेण्यासाठी अरुंद बोळ. हे बोळ अद्यापही त्या भागांतून दिसतात. उकिरडा, गोठा, डुकरे, उघडी गटारे यांविषयी अधिकाऱ्यांच्या मनात जी धास्ती बसली, ती कायद्याच्या भाषेत उतरली व आजतागायत टिकून आहे. त्या पिढीच्या अधिकाऱ्यांना दोष देण्याचे धाडस माझ्याने होणार नाही.

परंतु ती भाषा नेमकी काय म्हणते, हे वाचून पाहिले पाहिजे. आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा अधिनियम घ्या. त्यात आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून डुक्कर पाळण्यास मनाई आहे. त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, कोणाही व्यक्तीस उपद्रव होईल किंवा धोका पोचेल अशा रीतीने कोणी कोणताही प्राणी आपल्या जागेत पाळता कामा नये. मद्रास शहराच्या १९१९ च्या अधिनियमात हीच धाटणी आहे, आणि १९७६ चा कर्नाटक महानगरपालिका अधिनियमही त्याच साच्यातून निघालेला आहे. या दोन वाक्यांतला भेद बारकाईने पाहा. डुकराविषयी कायदा सरळ ‘परवानगी काढ’ म्हणतो. इतर प्राण्यांविषयी तो तसे म्हणत नाही. तेथे निषेध आहे तो ‘अशा रीतीने’ पाळण्याचा. पाळणे हा गुन्हा नव्हे, उपद्रव होऊ देणे हा गुन्हा. आणि उपद्रव झाला की नाही, ही वस्तुस्थितीची बाब आहे; ती पुराव्याने ठरते. खुराड्याकडे नुसते बोट दाखवून ती ठरत नाही.

व्यापाराची गोष्ट निराळी. कोंबड्यांचे दुकान, कत्तलीची जागा, शेकडो पक्ष्यांचा गोठ्यासारखा धंदा यांना परवाना लागतो व तो लागावाच. मोठ्या कुक्कुटशाळांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्गदर्शक तत्त्वे केली आहेत, पण ती हजारो पक्ष्यांची भाषा बोलतात. पाच कोंबड्यांच्या घरधनिणीला ती लावणे म्हणजे पोस्टाच्या पाकिटाला मालगाडीचे भाडे लावण्यासारखे होईल.

समजा, एखाद्या नगरसंस्थेने याच्याही पुढे जाऊन उपविधी केला की, हद्दीत कोणीही कोंबडी पाळू नये. मग काय? उपविधी म्हणजे विधिमंडळाने दिलेल्या अधिकारात स्थानिक संस्थेने केलेला दुय्यम नियम. त्याचे बळ उसने असते. मूळ अधिनियमाने जेवढी दोरी सोडली असेल तेवढ्याच घेरात त्याने चरावे. हा घेर कसा मोजावा याविषयीचा जुना व प्रसिद्ध निवाडा १८९८ सालचा, म्हणजे योगायोगाने बंगळुरातल्या त्या प्लेगच्याच वर्षाचा आहे. इंग्लंडमधील केंट परगण्याच्या परिषदेने नियम केला होता की, राहत्या घरापासून पन्नास यार्डांच्या आत कोणी गात किंवा वाद्य वाजवीत असेल आणि घरातल्या माणसाने वा पोलिसाने त्यास थांबण्यास सांगितले, तर त्याने थांबले पाहिजे. क्रूझ नावाच्या गृहस्थाने रस्त्यावर भजन म्हणणे थांबवले नाही. न्यायालयाने नियम वैध ठरवला. मुख्य न्यायाधीश लॉर्ड रसेल यांचे म्हणणे असे होते की, लोकांनी निवडलेल्या संस्थेच्या नियमांकडे न्यायालयाने सहानुभूतीने पाहावे. मात्र नियम पक्षपाती असेल, उघड अन्यायाचा असेल, दुष्ट बुद्धीने केलेला असेल, किंवा नागरिकाच्या जीवनात इतकी ढवळाढवळ करीत असेल की कोणाही समंजस माणसाला तिचे समर्थन करता येऊ नये, तर तो टिकणार नाही. क्रूझ हरला, पण त्याच्या निमित्ताने कसोटी मिळाली, आणि पुढे अनेक जण तिच्या आधाराने जिंकले.

आपल्या राज्यघटनेने ही कसोटी अधिक धारदार केली. सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले त्याच वर्षी, १९५० मध्ये, उत्तर प्रदेशातील कैराना या गावच्या रशीद अहमद नावाच्या भाजीव्यापाऱ्याने न्यायालयाचे दार ठोठावले. कैराना म्हणजे ज्याच्या नावावरून आपण किराणा घराणे म्हणतो तेच गाव, अब्दुल करीमखाँसाहेबांचे. तेथील नगरपालिकेने घाऊक भाजीविक्रीचा मक्ता एकाच माणसास दिला होता, आणि उपविधी असे केले होते की परवान्याशिवाय धंदा करता येऊ नये व परवाना मागितला तर तो देण्याची सोयच नसावी. न्यायालयाने हा प्रकार व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन ठरवला. दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, जवळच्याच जलालाबादच्या मोहम्मद यासीन यांच्या प्रकरणात न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. मूळ अधिनियमाने जी फी बसवण्याचा अधिकार नगरसमितीस दिलेलाच नव्हता, ती फी उपविधीने बसवली होती. अशी बेकायदा फी म्हणजेच व्यवसायावरील बेकायदा बंधन, असे न्यायालयाने म्हटले. भाजीच्या टोपल्यांवरून चाललेले हे दोन खटले घटनाशास्त्राच्या ग्रंथांत जाऊन बसले आहेत. कोंबडीच्या डालग्याने संकोचण्याचे कारण नाही.

खुद्द बंगळुराने या जातीचा एक प्रसंग अलीकडे पाहिला, मात्र तो कुत्र्यांविषयीचा होता. २०१८ साली महानगरपालिकेने पाळीव कुत्र्यांसाठी उपविधी जाहीर केले. सदनिकेत एकच कुत्रे, स्वतंत्र घरात फार तर तीन, आणि तेही ठरावीक जातींचे. नागरिकांनी असा गदारोळ केला की ते उपविधी बाजूस ठेवावे लागले. कुत्र्यांच्या मालकांत वकील होते, इंग्रजी वृत्तपत्रांत लिहिणारे होते, संघटना होत्या. कोंबडीच्या मालकिणीपाशी यांतले काहीच नसते. म्हणून कुत्र्याच्या नियमाची बातमी होते आणि कोंबडीच्या बाबतीत नियमदेखील लागत नाही. निरीक्षकाचा एक दम पुरतो. बहुतेक खुराडी कायद्याने उठलेली नसतात, धाकाने उठलेली असतात.

तेव्हा पहिला प्रश्न निरीक्षकाला विचारावयाचा तो हा, की कोणत्या कलमाखाली? हे उद्धटपणाचे नाही. नोटीस लेखी हवी, तिच्यात कलम हवे, आणि उपद्रव कोणता व कोणास हे लिहिलेले हवे. तोंडी आज्ञेविरुद्ध दाद मागता येत नाही. कागदाविरुद्ध मागता येते. उपविधीची प्रत मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाखाली ती मागावी. साध्या कागदावरचा अर्ज आणि दहा रुपये एवढाच खर्च. नोटिशीला मुदतीच्या आत लेखी उत्तर द्यावे, पोच घ्यावी, आणि खुराड्याची जागा, पक्ष्यांची संख्या, साफसफाई, शेजाऱ्यांचे म्हणणे हे सारे त्यात नमूद करावे. आपले म्हणणे ऐकून न घेता खुराडे मोडले गेले, तर तेवढ्या एका कारणावरूनही ती कृती सदोष ठरू शकते. मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांच्या बाजूने ऑल्गा टेलिस या पत्रकर्तीने जे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले, त्यात १९८५ साली न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे व तो काढून घेताना न्याय्य पद्धती पाळलीच पाहिजे. ज्या रहिवाशांसाठी हे झाले त्यांच्या झोपड्या अखेरीस वाचल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पण तत्त्व राहिले. वरिष्ठ अधिकाऱ्याकडचे अपील आटोपले आणि तरीही समाधान झाले नाही, तर विधानसौधासमोरच्या तांबड्या ‘अठरा कचेरी’त उच्च न्यायालय बसते. घटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली तेथे अर्ज करता येतो, आणि ज्याला वकील परवडत नाही त्याच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता साहाय्य मिळते.

इतके झाले तरी न्यायालयात जाणाऱ्याने विरुद्ध पक्षाचे म्हणणे आधी आपणच आपल्याशी मांडून पाहावे. कोंबड्यांवरचे आक्षेप तीन आहेत आणि तिन्ही खोटे नाहीत.

पहिला आवाजाचा. २०१९ साली पुण्याच्या सोमवार पेठेत एका बाईंनी पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याविरुद्ध पोलिसांत तक्रार केली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिची चेष्टा केली. ती चेष्टा मला रुचली नाही. रात्रपाळी करून आलेल्या, आजारी किंवा परीक्षेस बसलेल्या माणसाला पहाटे तीनचा कोंबडा हा विनोद नसतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीसाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत पंचेचाळीस डेसिबलांची मर्यादा घातली आहे. कोंबडा आरवतो तेव्हा त्याच्या जवळपास हा आकडा कितीतरी मागे पडतो. कोंबड्याला झाकून ठेवावे, असे कोणी सुचवील. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपण इतर संदर्भात वापरतो. पण २०१३ साली जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की झाकलेला कोंबडा आरवायचाही राहत नाही. मंद उजेडात कोंडलेले कोंबडेही शरीरातील घड्याळाच्या आधारे ठरल्या वेळी बांग देत होते. आणि १९३६ साली इंग्लंडमध्ये लीमन नावाच्या गृहस्थाने शेजाऱ्याच्या बागेतील सुमारे साडेसातशे कोंबड्यांविरुद्ध दावा लावला, तेव्हा न्यायालयाने मनाई हुकूम दिला. तोही योग्यच होता.

पण या आक्षेपाचे उत्तर निसर्गानेच देऊन ठेवले आहे. कोंबडी अंडे घालते ती कोंबड्यावाचून. पिल्ले हवी असतील तरच नर लागतो. अंडे घातल्यावर मादी काही काळ कलकलाट करते, तोही दिवसा. तेव्हा दाट वस्तीत नर ठेवू नये, असा नियम केला तर तो समंजस ठरेल व कोणी त्याला आव्हान देऊ नये. अमेरिकेत न्यूयॉर्कसारख्या नगरीतही माद्या चालतात, नर चालत नाहीत. केरळात अडूर येथे २०२५ च्या फेब्रुवारीत महसूल अधिकाऱ्यापुढे असाच तंटा आला. घराच्या वरच्या मजल्यावरील खुराड्यातला कोंबडा पहाटे तीनपासून शेजाऱ्याची झोप मोडत होता. अधिकाऱ्याने जागा पाहिली आणि खुराडे आवारातच दुसऱ्या बाजूस चौदा दिवसांत हलवावे, अशी आज्ञा केली. कोंबड्या पाळू नका, असे काही म्हटले नाही. मला हा निकाल मोठमोठ्या निवाड्यांहून शिकण्यासारखा वाटतो. उपद्रव जेवढा होता तेवढाच त्याने कापला. याच्या उलट टोकाला फ्रान्स. तेथील ओलेराँ बेटावरील मोरीस नावाच्या कोंबड्याविरुद्ध सुटीपुरत्या येणाऱ्या शेजाऱ्यांनी लावलेला दावा २०१९ मध्ये फेटाळला गेला आणि २०२१ मध्ये ग्रामीण भागातील आवाज व वास यांना वारसा म्हणून मान्यता देणारा कायदाच तेथील संसदेने केला. खेडे शहरात शिरण्याऐवजी शहरी माणूस खेड्यात शिरला, म्हणून तेथील न्याय निराळा. परंतु बंगळुराच्या त्या एकशे दहा खेड्यांत कोण कोठे शिरले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

दुसरा आक्षेप वासाचा व माश्यांचा. एका कोंबडीची विष्ठा दिवसाला सुमारे शंभर ग्रॅम. पाच कोंबड्यांची अर्धा किलो. ती रोज उचलली, कोरड्या पाल्यात किंवा लाकडाच्या भुशात मिसळली, तर महिन्या-दोन महिन्यांत परसातल्या केळीला उत्तम खत होते. साचू दिली व तिच्यावर पाऊस पडला तर तिचा दर्प चार घरे ओलांडतो. हा फरक कोंबडीचा नाही, झाडूचा आहे. येथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. आपल्याकडे नाकाला न सोसणारा वास आणि मनाला न सोसणारा आहार यांची पुष्कळदा गल्लत होते. खुराड्याविरुद्धच्या अर्जात ‘दुर्गंधी’ हा शब्द लिहिलेला असतो, पण अर्जदाराचा खरा आक्षेप शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरावर असतो. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने वास स्वतः घ्यावा, अर्जावर विसंबू नये.

तिसरा आक्षेप रोगाचा, आणि हा सर्वांत भारी. मानमोडी, म्हणजे ज्याला रानीखेत म्हणतात तो रोग, कोंबड्यांपुरता असतो व लशीने आवरतो. पण ‘बर्ड फ्लू’ची गोष्ट तशी नाही. भारतात तो प्रथम आढळला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात. मोठ्या कुक्कुटशाळांत तो निघाला, पण संहाराचा फेरा आला तेव्हा आसपासच्या आदिवासी पाड्यांतल्या घरगुती कोंबड्याही त्यात गेल्या. दोन वर्षांनी पश्चिम बंगालमध्ये तो मुख्यत्वे परसांतल्या पक्ष्यांतूनच पसरला आणि लाखो पक्षी मारावे लागले. ‘घरची कोंबडी निरोगी, कारखान्याची रोगट’ असे जे प्रेमाने म्हटले जाते, त्याला बंगालने उत्तर दिले आहे. बंगळुराचा अनुभव आणखी निराळा. २०१२ च्या ऑक्टोबरात हेसरघट्टच्या त्या सरकारी संस्थेतच टर्की पक्ष्यांत हा रोग निघाला; २०१८ च्या जानेवारीत दासरहळ्ळीजवळ निघाला तो कोंबडीविक्रीच्या ठिकाणी. म्हणजे कारखाना, सरकार, दुकान आणि परस या चौघांपैकी कोणालाही रोगाने वगळलेले नाही. मग नेमक्या परसावरच बंदी घालावी, आणि दुकान परवान्याने चालू द्यावे, याला समान न्याय कसे म्हणता येईल? घटनेचा चौदावा अनुच्छेद या ठिकाणी उपयोगी पडेल.

सदनिकांविषयी फार बोलण्याचे कारण नाही. तिसऱ्या मजल्याच्या सज्जात कोंबडी ठेवणे हे कोंबडीवरच अन्याय करणारे आहे. तिला माती उकरल्यावाचून चैन पडत नाही. तेथील निर्बंध रहिवाशांच्या आपसांतल्या कराराचे असतात व ते सोसणे इष्ट. प्रश्न आहे तो जमिनीला टेकलेल्या घरांचा, जुन्या गावठाणांचा आणि झोपडवस्त्यांचा. मुंबईचे कोळीवाडे व गावठाणे, पुण्यात अलीकडे सामील झालेली गावे यांनाही तो तसाच लागू आहे.

बंगळुरात तर या वेळी तो विशेष निकडीचा आहे. २०२५ च्या सप्टेंबरात ती जुनी बृहत् महानगरपालिका संपुष्टात आली व तिच्या जागी पाच महानगरपालिका झाल्या. वर ‘ग्रेटर बंगळूर प्राधिकरण’ आले. नव्या संस्था म्हटल्या की नवे उपविधी आले. उपविधी पक्का होण्यापूर्वी त्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची रीत आहे, आणि नियम झाल्यावर न्यायालयात एक वर्ष झगडण्यापेक्षा त्या मुदतीत एक पानभर हरकत लिहिणे पुष्कळ सोपे. त्या पानावर काय लिहावे? सरसकट बंदी नको. घरगुती पाळणूक आणि धंदा यांच्यामध्ये संख्येची रेघ ओढा. दाट वस्तीत नर नको. खुराडे शेजाऱ्याच्या खिडकीपासून व विहिरीपासून अमुक अंतरावर हवे, आणि जाळीबंद हवे, म्हणजे रानपाखरांचा संसर्ग टळेल व मांजर-मुंगुसांचेही भय राहणार नाही. लस टोचून घेणे सक्तीचे करा, पण ती वस्तीत आणून द्या. तक्रार आल्यास आधी सुधारणेची मुदत, मग दंड, आणि उचलून नेणे सर्वांत शेवटी.

आणि नोंदणी. बिनशुल्क, वॉर्डाच्या कचेरीत, एका ओळीची. पुष्कळांना नोंदणी म्हटले की संशय येतो. नाव लिहिले की उद्या कर येईल, परवा माणूस येईल. पण रोग निघाल्यावर काय होते ते पाहा. दासरहळ्ळीला निघाला तेव्हा त्या ठिकाणाभोवती एक किलोमीटरचे वर्तुळ आखले गेले. अशा वर्तुळातील प्रत्येक पक्षी, निरोगी असला तरी, मारावा लागतो. २००९ च्या प्राणिरोग अधिनियमाने तशी सत्ता दिलेली आहे, आणि मारलेल्या पक्ष्यांची भरपाई केंद्र व राज्य मिळून देतात. रोगाने आपोआप मेलेल्यांची मिळत नाही. जेथे कोंबडी पाळणेच गुन्हा, तेथे घरधनीण पथक येताना पाहून आपल्या कोंबड्या पोत्यात घालते आणि मागच्या बोळाने बहिणीच्या वस्तीत पोचवते, वर्तुळाच्या बाहेर. कारण चोरून ठेवलेल्या कोंबडीची भरपाई मागायला कोणत्या तोंडाने जावे?